काय दिसतंय ते सांगा

टीव्ही दुरुस्त करायला आलेला माणूस टीव्हीकडे पाठ करून बसतो, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आपण भलत्याच माणसाला बोलावलंय. नाखवा स्टूल ओढून बसले, तोंड माझ्याकडे, पाठ टीव्हीकडे, आणि म्हणाले, "हां बाई, लावा आता. आन् काय दिसतंय ते सांगा."

"अहो, तुम्हीच बघा की," मी म्हणाले.

"मी बगून काय उपेग? रोज बगणार तुमी. तुमी सांगा."

मी शाळामास्तरीण. प्रश्न विचारायचे ते मी आणि उत्तरं द्यायची ती समोरच्याने, ही माझी दहा वर्षांची सवय. त्यामुळे जरा घुश्शातच सांगितलं, "चित्र हलतंय."

"हलतंय म्हंजे कसा? वर पळतंय, का बाजूला वाकतंय, का नुसता थरथरतंय?"

मी पुन्हा टीव्हीकडे पाहिलं. तोवर ते चित्र मी रोज शिव्या घालत पाहत होते, पण नीट असं त्या दिवशीच पाहिलं. ते वर पळत होतं आणि पळता पळता डावीकडे वाकत होतं. तसं सांगितल्यावर नाखवा उठले, टीव्हीच्या मागे गेले, पाच मिनिटं काहीतरी खुडबुड केली आणि चित्र जागेवर आलं. तेव्हाही त्यांनी पुढे येऊन पाहिलं नाही. "आला ना? मंग झाला," एवढंच म्हणाले आणि पिशवी उचलली.

त्यामागचं कारण नंतर कळलं. जुन्या डब्बा टीव्हीचं काम मागून करायचं असतं आणि चित्र दिसतं पुढून. बाकीचे मिस्त्री समोर खुर्चीवर आरसा टेकवून ठेवतात. नाखव्यांनी आरसा कधी वापरला नाही. "आरसा खरा बोलतंय म्हणतात," ते म्हणायचे, "पन तो बोलतंय कुठं? माणूस बोलतंय." म्हणून ज्याचा टीव्ही त्यालाच ते समोर उभं करायचे. पनवेलमधल्या अर्ध्या घरांना त्यांनी असं टीव्ही बघायला शिकवलं असेल.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. लपवून ठेवून शेवटी बाहेर काढायचं, हे मला जमायचं नाही. नाखव्यांचे डोळे गेले. काचबिंदू. वेळेवर औषध सुरू झालं असतं तर बरीचशी नजर राहिली असती असं डॉक्टर म्हणाले. ते वेळेवर दवाखान्यात गेले नाहीत, आणि त्यात माझ्या चार वाक्यांचा वाटा आहे. ती चार वाक्यं मी हसत हसत, एका हातात कढईचा उलथना धरून बोलले होते. आता हे सांगून झालं, तर नाखवा कसे होते ते बघू.

त्यांचं नाव वेगळं होतं, पण 'नाखवा' म्हणूनच सगळे हाक मारायचे. नाखवा म्हणजे बोटीचा मालक, तांडेल. यांच्याकडे बोट सोडाच, साधी होडीही नव्हती. उरणकडचं कोळ्याचं घर, बाप-भाऊ सगळे दर्यावर जाणारे, आणि या एकट्याला पाण्यावर पाय ठेवला की ओकाऱ्या व्हायच्या. तीन वेळा बोटीवर घेऊन गेले, तिन्ही वेळा जाळ्यापेक्षा यालाच सांभाळायचं काम जास्त झालं. शेवटी बापाने हात जोडले आणि रेडिओ दुरुस्तीच्या क्लासला घातलं. तेव्हापासून भावांनी थट्टेने जे 'नाखवा' सुरू केलं, ते त्यांनी पदवीसारखं मिरवलं. लग्नानंतर ते पनवेलच्या कोळीवाड्यात आले. बायको, जनाबाई, मार्केटात मासळी विकायची. "ती म्हावरा विकतंय, मी मुंग्या मारतंय," अशी ते घरच्या धंद्याची ओळख करून द्यायचे. मुंग्या म्हणजे टीव्हीत येतात त्या, हे सांगायला नको.

बिघाडांना त्यांची स्वतःची नावं होती आणि ती सगळी दर्यावरची. चित्र हिरवट झालं की 'शेवाळ धरलाय'. फुगून पडद्याबाहेर गेलं की 'भरती'. आणि दोन्ही बाजूंनी आत यायला लागलं, कडेला काळ्या पट्ट्या दिसायला लागल्या की 'ओहोटी'. मला एकदा फोनवर विचारलं होतं, "भरती हाय का ओहोटी?" आणि मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं होतं, "ओहोटी, नाखवा, दोन्हीकडून ओहोटी!" भूगोलाच्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

आता माझं गुपित. मी तेव्हा बत्तीस वर्षांची, आठवीची वर्गशिक्षिका, मुलांनी वहीच्या मागच्या पानावर फुली-गोळा खेळला तरी वही जप्त करणारी. आणि घरी आल्यावर मी व्हिडिओ गेम खेळायचे. तेही रंगीबेरंगी नवे नाहीत, तर आपल्या लहानपणी टीव्हीला जोडायचे ते, कॅसेट खोचायचे. माझा धाकटा भाऊ मिलिंद मालवाहू बोटीवर नोकरीला. दोन हजार तीन-चारच्या सुमारास त्याने जपानहून असलाच एक जुना गेम आणला. भांडीबाजारात पितळी तांब्या मिळावा इतका सहज तो तिथे जुन्या सामानात मिळतो म्हणे. मी हरखून टीव्हीला लावला, तर चित्र काळंपांढरं आणि तेही गडगडत वर चाललेलं. म्हणून नाखव्यांना पुन्हा बोलावलं.

त्या दिवशी सासूबाई हॉलमध्ये शेंगा सोलत बसल्या होत्या. नाखव्यांनी नेहमीप्रमाणे पाठ करून माझी साक्ष घेतली, दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "काय नाय बाई. तुमच्या टीव्हीत पाल बसलीय. ती काढाय लागंल."

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "काय बसलीय?"

"पाल. आपल्याकडच्या सगळ्याच टीव्हीत असतंय ती."

"सगळ्या टीव्हीत?" सासूबाई किंचाळल्याच. "अगंबाई! आणि मी रोज एवढं जवळ बसून बघते!" त्या परातीसकट सोफ्यावर चढल्या. मला हसू आवरेना. नाखव्यांना पाल म्हणायचं होतं ते आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीला. तिचं इंग्रजी नावच 'पाल'. जपानची पद्धत वेगळी, म्हणून टीव्हीला तो गेम कळत नव्हता. रिमोटवर मेनूत जाऊन पद्धत बदलायची, की झालं. मी सासूबाईंना हे समजावून सांगायला तोंड उघडलं, पण नाखव्यांनी मला हातानेच थांबवलं. शांतपणे माझ्याकडून रिमोट घेतला, मला मेनू वाचायला लावला, बटण दाबलं. चित्र रंगीत झालं, थांबलं.

"काढली आजी," ते म्हणाले.

"कुठाय? दाखव!"

"गेली. जपानच्या समोर टिकत नाय ती."

सासूबाईंनी त्यांना चहा तर दिलाच, वर मूठभर शेंगाही दिल्या. मात्र त्यानंतर वर्षभर त्या टीव्ही लावायच्या आधी त्याच्या पाठीवर केरसुणीचा दांडा आपटायच्या. नाखव्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते गंभीर होऊन म्हणाले, "करू दे. धूळ तरी निघंल." माणसाला घाबरवून हसणाऱ्यातले ते नव्हते. घाबरलेल्याला आधी मोकळं करायचं, खरंखोटं मागाहून, असा त्यांचा हिशेब होता. तो मला तेव्हा फार आवडला होता.

पुढे ते गेम नीट चाललाय ना बघायला म्हणून अधूनमधून यायला लागले, रविवारी दुपारी, जनाबाईंनी पाठवलेले सुके बोंबील घेऊन. सासूबाई आधी नाक मुरडायच्या, मग स्वतःच भाजायला घ्यायच्या. मी नाखव्यांच्या हातात गेमचा दुसरा रिमोट दिला. आमचा लाडका खेळ होता रणगाड्यांचा. वरून शत्रूचे रणगाडे येतात, खाली आपला किल्ला असतो, तो पडला की खेळ संपला. नाखवा कधी पुढे जायचे नाहीत. "तुमी जावा मारामारी कराया. मी किल्ला राखतंय." आणि राखायचेही असा, की मी दोन दोन फेऱ्या बिनघोर पुढे निघून जायचे. एकटीने खेळताना मला ते कधी जमलं नाही.

एकदा आमचं हे युद्ध ऐन रंगात आलेलं, आणि दारात मुख्याध्यापिका! कसल्याशा परीक्षेचे कागद घेऊन स्वतः आलेल्या. माझ्या हातात रिमोट, पदर खोचलेला, पडद्यावर धूमधडाका. मी उभी राहिले ती वर्गात पकडलेल्या मुलासारखी. नाखव्यांनी माझ्या हातातून रिमोट काढून घेतला आणि मला म्हणाले, "बाई, किती येळा सांगितला, टेस्टिंग चालू आसताना मधी हात लावायचा नाय. उद्या जळला काय, तर मी जबाबदार नाय." मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. "या मिस्त्री लोकांचं असंच असतं हो," त्या जाताना दारात कुजबुजल्या. नाखव्यांनी ऐकलं असणार. दाराकडे पाठ तशीच ठेवून ते किल्ला राखत बसले होते.

हे सगळं सांगताना माझ्या लक्षात येतंय, की मी त्यांच्या गमतीच सांगतेय. तशा त्या होत्याच. पण त्याच काळात कधीतरी, म्हणजे दोन हजार दहाच्या पुढेमागे, त्यांचा किल्ला पडायला लागला. समोरून आलेला रणगाडा ते बरोबर टिपायचे. कडेने आलेला मात्र सरळ आत घुसायचा. एकदा, दोनदा, मग दर खेपेला. मी चिडवायची. "काय नाखवा, झोप लागली का? तो बघा उजवीकडून आला!" ते मान अख्खी वळवून उजवीकडे बघायचे आणि म्हणायचे, "आला होय. चोरासारा येतंय भडवा." मग सासूबाईंसमोर शिवी गेली म्हणून जीभ चावायचे. मी खो खो हसायची. "म्हातारे झालात तुम्ही," असंही म्हटलंय मी. एकदा नाही, अनेकदा.

दारातल्या चपलांच्या स्टँडला त्यांचा पाय लागायचा. चहाचा कप बाजूला ठेवला तर हात फिरवून शोधायचे. टीव्हीच्या मागे तीन वायरी असतात, त्यातली पिवळी चित्राची. तिला त्यांनी जाळ्याला मारतात तशी दोऱ्याची गाठ मारून ठेवली होती. "कोळ्याची निशाणी," म्हणायचे, आणि मला त्याचं कौतुक वाटायचं. दुरुस्ती करताना तर ते पहिल्यापासूनच टीव्हीकडे बघत नव्हते. त्यामुळे आता बघता येत नाही म्हणून बघत नाहीत, हे कळणार कसं? आणि ते मला कळायला हवं होतं. रोज साठ मुलांतून फळ्यावरचं कोणाला दिसत नाही ते मी डोळे बारीक करण्यावरून ओळखत होते. आईबापांना बोलावून चष्मे लावून घेत होते. त्याबद्दल शाळेत माझं नावही होतं.

मग आम्ही पनवेलजवळच करंजाड्याला नव्या फ्लॅटमध्ये आलो. सासूबाई तोवर गेल्या होत्या. भिंतीवर लांबरुंद चपटा टीव्ही लागला आणि डब्बा टीव्ही भंगारवाल्याला गेला. माझा जुना गेम या नव्या टीव्हीवर फार वाईट दिसायचा. तेव्हा मिलिंदने सुट्टीवर आल्यावर एक काड्यापेटीच्या दुप्पट आकाराची डबी आणली. म्हणाला, "ताई, यात तुझे सगळे जुने खेळ आहेत." खरंच होते. यादीत एकेका खेळावर थांबलं की शेजारी त्या खेळाची छोटीशी फिल्म चालू व्हायची, कुठला खेळ काय आहे ते कळायला. मिलिंद बोटीवर परत गेला आणि आठवड्याभरात फिल्मा बंद पडल्या. म्हणजे आवाज यायचा, चित्र नाही. खेळ सगळे व्यवस्थित चालत होते, फिल्मच्या जागी मात्र काळा चौकोन आणि त्यातून टँव टँव संगीत. मिलिंद समुद्रात, त्याचा फोन लागेना. फिल्मांवाचून काही अडत नव्हतं खरं तर. पण मला बिघाड सोसत नाही. मी नाखव्यांना फोन लावला.

"ह्ये नवीन मशिनीचा मना काय कळत नाय बाई," ते म्हणाले. तरी रविवारी आले, कोळीवाड्यातून रिक्षा करून. स्टूल मागितलं, पाठ केली. "सांगा."

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. "खेळाला चित्र हाय?" हाय. "खेळाला आवाज हाय?" हाय. "आन् फिल्मला आवाज हाय, चित्र नाय." बरोबर. "मंग वायर बरी हाय. टीव्ही बरा हाय. फिल्म वाचणारा कोनतरी आत बसलाय, त्याचा बिनसलाय. तो वेगळा आसंल. तुमी मेनूत जावा, एकेक ओळ वाचा."

मी इंग्रजी मेनू वाचत गेले. आवाज, बटणं, रंग. एका ठिकाणी फिल्म कोणत्या प्लेअरवर चालवायची असा पर्याय होता आणि तिथे भलत्याच नावापुढे खूण होती. मीच कधीतरी चाळा करताना केली असणार.

"दुसरा लावा," ते म्हणाले.

लावला. डबी बंद करून चालू केली. आणि फिल्म हजर! मी टाळ्याच पिटल्या. साठीच्या पुढच्या माणसाने, कधी न पाहिलेल्या यंत्राचा दोष, पाठ करून, कानाने शोधला होता. त्यांनाही आनंद झाला असावा, कारण त्या दिवशी त्यांनी दुरुस्तीला आल्यावर कधी न केलेली गोष्ट केली. ते स्टुलावर वळले आणि टीव्हीकडे तोंड करून बसले. मी रणगाड्यांचा खेळ लावला आणि तळणीला टाकलेल्या वांग्याच्या कापांसाठी स्वयंपाकघरात पळाले.

उलथना घेऊन बाहेर आले तेव्हा ते उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले होते. मग मागे सरकले. मग पुन्हा जवळ.

"बाई," ते म्हणाले, "एक इचारू? मदी चित्र बेस दिसतंय. आन् दोन्ही बाजूला काला. ओहोटी लागल्यागत. ह्ये मनाच दिसतंय, का तुमाला पन?"

आता काय होतं, जुन्या खेळाचं चित्र चौकोनी. नवा टीव्ही लांबट. चौकोनी चित्र मध्ये बसतं आणि दोन्ही बाजू काळ्या राहतात. हे मिलिंदने मला समजावलं होतं आणि मला ते माहीत असल्याची मोठी ऐट होती.

"सगळ्यांनाच दिसतं, नाखवा!" मी म्हणाले. "वयच झालंय त्याचं, कडा काळ्याच दिसणार."

"मंग त्याला काय इलाज नाय?"

"कशाला हवाय इलाज, मधलं नीट दिसतंय ना, मग झालं तर. उगाच ओढूनताणून पूर्ण करायला गेलं की सगळंच बिघडतं."

 नाखव्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं, की मला वाटलं, बिघाड सापडल्याचंच ते हसू आहे. "मना वाटला, मनाच," ते म्हणाले. "लई दिवस मनात होता."

शंकेची पाल वगैरे काही चुकचुकली नाही. चुकचुकली असती तर निदान आता स्वतःला सांगायला काहीतरी राहिलं असतं. 'मना वाटला मनाच' हे मी स्वच्छ ऐकलं. 'लई दिवस' हेही ऐकलं. तो टीव्ही घरात येऊन पुरता महिना झाला नव्हता आणि नाखव्यांनी तो त्या दिवशीच पहिल्यांदा पाहिला होता. मग लई दिवस कसले? आठवीच्या मुलाने वहीत असं लिहिलं असतं तर मी लाल पेनाने गोल केला असता. पण मला कापं करपल्याचा वास आला आणि मी आत पळाले. नाखव्यांनी त्या दिवशी पोटभर कापं खाल्ली, दोनदा चहा घेतला. मी रिक्षापर्यंत सोडायला गेले. इतके खुशीत मी त्यांना फार दिवसांनी पाहत होते.

त्यानंतर ते यायचे कमी झाले. मी बोलावलंही नाही, कारण काही बिघडलंच नाही. दीडेक वर्ष असंच गेलं. एकदा सणाच्या आदल्या दिवशी मासळी मार्केटात गेले, तर जनाबाईंची जागा रिकामी. पुढच्या आठवड्यात त्या दिसल्या. पापलेट कापता कापता त्यांनी सांगितलं. नाखव्यांचा एक डोळा पार गेला. दुसऱ्याला मधल्या मध्ये थोडं दिसतं, नळीतून बघावं तेवढं. मोठ्या दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत यायचं नाही, आहे ते राखू.

"अहो, पण आधी काही कळलं नाही?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. मला त्या घरातल्या सगळ्यांचा राग आला होता. "कडेचं दिसत नाही, ठेचा लागतात, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

"आला ना," जनाबाई म्हणाल्या. "कोलीवाड्यात डोल्यांची तपासणी झालेली. त्यांनी चिट्ठी दिलेली, डोल्यात दाब वाढलाय, लगेच मोठ्या दवाखान्यात दावा. सोमवारी जायाचा होता. मी धंदा बंद ठेवनार होते. तर आदल्या दिवशी तुमच्याकडं आयले, आन् आल्यावर म्हनतात, चिट्ठी फाडून टाक. बाईंना पन तसाच दिसतंय. सगल्यांनाच दिसतंय म्हने, वय झाल्यावर. मदला दिसतंय ना, मंग झाला. ओढूनतानून कराय गेला का सगलाच बिगडतंय." त्यांनी सुरी थांबवली. "आमी म्हटला, बाई शिकलेल्या हायत, त्या उगा बोलायच्या नाय."

त्यांच्या बोलण्यात आरोप नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. मी म्हणाले असते, अहो, मी टीव्हीबद्दल बोलत होते! हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्या गर्दीत, मासळीच्या पाण्यात उभं राहून ते कसं म्हणायचं? आणि कुणासाठी म्हणायचं? नाखव्यांना त्याने काय मिळणार होतं? ते माझ्या उपयोगाचं वाक्य होतं फक्त.

"मी येते भेटायला," मी म्हणाले. "या रविवारी नक्की येते."

"या. रोज नाव काढतात," जनाबाई म्हणाल्या आणि पापलेटाबरोबर दोन जास्तीच्या सुरमईच्या तुकड्या पिशवीत टाकल्या. नको नको म्हटलं तरी टाकल्या.

त्या रविवारी मी गेले नाही. पुढच्याही नाही. घरून निघताना मी मनात वाक्य जुळवायची आणि ते जुळायचं नाही. टीव्हीचं बोलत होते म्हटलं, तर तुम्ही मूर्ख ठरलात असं होतं. माझं चुकलं म्हटलं, तर त्यांना आजवर ठाऊक नसलेली गोष्ट मी आणून हातात देणार, की तुमचे डोळे एका गैरसमजापायी गेले. एकदा कोळीवाड्याच्या तोंडापर्यंत रिक्षाने गेले आणि रिक्षावाल्याला म्हटलं, वळवा. त्याने कारण विचारलं तर त्याच्यावर खेकसले. तो रणगाड्यांचा खेळही मी बंद केला, डबी कपाटात ठेवून दिली. याला काही पश्चात्ताप म्हणत नाहीत, हा पळपुटेपणा, हे मला तेव्हाही कळत होतं.

चारेक महिन्यांनी शाळा सुटल्यावर एस. टी. स्टँडसमोर उभी होते. संध्याकाळची गर्दी. समोरून नाखवा आणि जनाबाई येताना दिसले. नाखव्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा, हात जनाबाईंच्या कोपरात. इस्त्रीचा शर्ट, पायांत नव्या चपला. बहुतेक दवाखान्यातून येत होते. चालताना ते नाक समोर ठेवून, मान जराही न हलवता चालत होते. मला बाजूला व्हायला जागा होती. मी झाले नाही. फळवाल्याच्या गाडीला खेटून उभी राहिले. ते गाडीपाशी येऊन थांबले, जनाबाईंना केळी घ्यायची होती. मी नाखव्यांच्या उजव्या हाताला, इतकी जवळ की त्यांच्या शर्टाच्या साबणाचा वास यावा. तिथे त्यांना काही दिसत नाही हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी तिथे उभी होते.

"करंजाड्याच्या बाईंचा काय नाय कळला," नाखवा म्हणाले. "येनार होत्या."

"येतील. शाला आसतंय त्यांना," जनाबाई केळ्यांचा घड उलटसुलट करत म्हणाल्या.

"त्यांच्या फिल्मा परत बंद पडल्या आसतील. आता मना दिसत नाय म्हनून लाजत आसतील बोलवाया. त्यांना सांग, मना बगाया लागत नाय. त्यांनी नुसता बोलायचा."

 तेवढ्यात मागून कुणाचा तरी धक्का लागला आणि माझ्या बांगड्या गाडीवर आपटल्या. नाखव्यांनी मान वळवायला सुरुवात केली, हळूहळू, कुठे थांबायचं ते ठाऊक नसल्यासारखी.

"कोन हाय गं?"

जनाबाईंनी वर पाहिलं. त्यांनी मला ओळखलं. मी मान हलवली, नको म्हणून.  मग त्यांनी केळी पिशवीत टाकली आणि नाखव्यांचा हात धरला.

"कोन नाय," त्या म्हणाल्या. "चला."